रिकाम्या ट्रेलरचं ओझं

गाडी मैत्रिणीची. फोर्डची एफ-१५० लाइटनिंग, विजेवर चालणारी पिकअप, मोठ्या बॅटरीची. चालवणार तीच होती, मी शेजारच्या सीटवर आणि मागे तिचे वडील. काकांची उभी हयात डिझेल इंजिनांत गेलेली, त्यामुळे मागे बसून ते गप्प राहतील ही आशा करण्यात अर्थ नव्हता. तिला सुतारकामासाठी एक जुना टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत, आणि एक रंधा मारायचं यंत्र घ्यायचं होतं. दोन्ही ओतीव लोखंडाची, जुन्या बनावटीची धुडं. विकणारा घाटापलीकडे राहायचा. बंदिस्त ट्रेलर भाड्याने घ्यायचा, यंत्रं भरायची आणि रात्रीपर्यंत परत यायचं, असा बेत. या कामात माझा काडीचा उपयोग नव्हता. मला त्या गाडीत बसायचं होतं, म्हणून गेले.

निघण्याआधी तिने बॉनेट उघडलं. बटण दाबलं की ते आपोआप वर जातं, आणि इंजिन असायचं तिथे ४०० लिटरचा स्वच्छ कोनाडा. पट्टे, साखळ्या, चाकांना लावायच्या अटकणी, हातमोजे, पान्यांची पेटी, सगळं त्यात मावलं आणि वर जागा उरली. तळाला पाणी काढून टाकायचं बूच आहे, म्हणजे चिखलाचे बूट टाकून आतून धुऊन काढता येतं. शिवाय आतच प्लग पॉइंट. काका बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "तेल कुठे बघायचं?" तिने उत्तर दिलं नाही, हा प्रश्न ते दर वेळी विचारत असणार.

ट्रेलर भाड्याने देणाऱ्याच्या वाडीपर्यंतचा रस्ता मोकळा होता आणि गाडी रिकामी. मैत्रिणीने नव्या माणसाला दाखवायचं ते दाखवलं. हमरस्त्यावर शिरताना पाय दाबला. ५८० हॉर्सपॉवर, १०५० न्यूटन-मीटर टॉर्क, ताशी ९६ किलोमीटर गाठायला चार-साडेचार सेकंद, हे आकडे मला पाठ होते. पण आकडे पाठ असणं आणि पाठ सीटवर दाबली जाणं यांत फरक आहे. इंजिनाच्या गाडीत आधी आवाज चढतो, गिअर पडतो, मग वेग येतो, त्यामुळे शरीराला तयारीला क्षणभर मिळतो. इथे तो मिळत नाही. तीन टनांची गाडी काही न सांगता पुढे निघून जाते आणि पोट मागे राहतं. गंमत वाटली हे खरं. पण शेजारी बसणाऱ्याला ही गंमत एकदा पुरते. दुसऱ्यांदा तिने तेच केलं तेव्हा मी दाराची मूठ धरली होती.

मला जास्त आवडलं ते सस्पेन्शन. रिकामी पिकअप मागून उड्या मारते, हे ज्यांनी त्यात प्रवास केलाय त्यांना सांगायला नको. मागच्या कमानपाट्या टनभर माल उचलायला बनवलेल्या, त्यामुळे हौदा रिकामा असला की त्यांना दाबायला काही नसतं आणि प्रत्येक खड्ड्याचा हिशेब बसणाऱ्याच्या कण्यात जमा होतो. पेट्रोलच्या एफ-१५०ला मागे अशाच कमानपाट्या आणि आडवा अखंड अ‍ॅक्सल असतो. लाइटनिंगमध्ये फोर्डने तो काढला आणि मागच्या दोन चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, कारण मागे मोटर बसवायची होती. शिवाय बॅटरीचं वजन चासीच्या मधोमध, अगदी खाली. त्यामुळे गाडी रस्त्याला धरून चालते. वळणावर मात्र वजन कळतं. कल फार येत नाही, पण गोल रस्ता संपताना टायर जे सोसतात ते सीटखाली जाणवतं. गतिरोधकावर तर मागची-पुढची चाकं वेगवेगळी 'धप्प' म्हणतात, आणि तो आवाज मोठ्या वजनाचाच.

आणखी एक गोष्ट फक्त शेजारच्याला आणि मागच्याला छळते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर उलटी जनरेटर बनते आणि गाडीचा वेग मारते. चालवणाऱ्याला त्याचं व्यसन लागतं, ब्रेकला पायच लावावा लागत नाही. पण पाय कधी उचलला जाणार हे त्याला आधी माहीत असतं आणि आपल्याला नसतं. शहरातल्या सिग्नलांमध्ये माझी मान सारखी होकार देत होती. काकांनी मागून शांतपणे सांगितलं, "तू दर वेळी माझ्याकडून नमस्कार करून घेते आहेस." तिने पडद्यावर जाऊन एका पेडलवर चालवायची ती सोय बंद केली आणि प्रवास माणसात आला.

वाडीत ट्रेलर जोडायला वेळ लागला नाही. मागचा कॅमेरा हिचचा, म्हणजे ट्रेलर अडकवायचा, गोळा आणि ट्रेलरची दांडी दोन्ही दाखवतो आणि गाडी स्वतःच स्टेअरिंग फिरवत नेमकी तिथे नेते. काकांनी तरी खाली उतरून हाताने "ये, ये, ये, बस" केलंच. ट्रेलर साधा होता, चार मीटरहून थोडा लांब, पत्र्याचा, समोरून सपाट आणि गाडीच्या टपापेक्षा उंच. वजन टनभर. आत काहीही नाही.

मग तिने पडद्यावर ट्रेलरची माहिती भरली: प्रकार, लांबी, अंदाजे वजन. लाइटनिंगला हे सांगितलं की ती रेंजचा, म्हणजे बॅटरीवर किती लांब जाता येईल याचा, हिशेब नव्याने करते. तोवर समोर ४८० किलोमीटरच्या आसपास आकडा होता (डॅशबोर्ड मैलांत बोलतो, मी इथे किलोमीटर करून सांगते आहे). माहिती भरून झाली आणि आकडा २५० च्या घरात आला.

"पण रिकामा आहे की तो!" मी म्हटलं.

"रिकामा आहे, पण आहे ना," ती म्हणाली.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, या बॅटरीच्या गाडीला ५१५ किलोमीटरची रेंज दिली आहे. बॅटरी वापरायला मिळते १३१ किलोवॉट-तास, म्हणजे घरच्या वीजबिलातली १३१ युनिटं. ट्रेलर लावायच्या आधी एका युनिटमागे आम्हाला साडेतीन किलोमीटर मिळत होते. हमरस्त्याला लागलो, तिने ताशी १०५ चा वेग धरला आणि पडद्यावरची सरासरी हळूहळू उतरत एका युनिटला १.६ किलोमीटरवर येऊन थांबली. निम्म्याहूनही कमी. मला वाटलं कुठला तरी ब्रेक घासतोय. काकांनाही तेच वाटलं, कारण पहिल्याच थांब्यावर ते ट्रेलरच्या चाकांच्या वाट्यांना हात लावून आले. थंड होत्या.

या प्रवासातला सगळ्यात चमत्कारिक भाग हाच, की आत बसलेल्याला काहीच कळत नाही. डिझेलची गाडी मागे असा पेटारा लावून चालली की ती सांगते. आवाज जड होतो, चढाला गिअर खाली येतो, पंखा घोंघावतो. काका आयुष्यभर या आवाजावरून गाडीच्या मनातलं ओळखत आले. इथे गाडी जितकी रिकामी असताना शांत होती तितकीच आता शांत होती. आरशांवरचा वारा आणि टायरांची घरघर, बास. मागे ट्रेलर आहे हे आरशात बघितल्याशिवाय लक्षात राहू नये इतकं सहज चाललं होतं सगळं, आणि बॅटरी दुप्पट वेगाने संपत होती. त्यामुळे तिघांचीही नजर पुन्हा पुन्हा त्या एका आकड्याकडे जायची. काही वेळाने मला बाहेरचा रस्ता दिसेनासा झाला, आकडाच दिसायला लागला.

खरा खर्च वजनाचा नव्हता, हवेचा होता. सपाट रस्त्यावर एका वेगाने चालताना वजनाचा त्रास फक्त टायरांच्या घर्षणापुरता. समोरून मोठी सपाट भिंत घेऊन धावायचं म्हणजे ती सगळी हवा बाजूला लोटायची, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १०५ वरून ९० वर आलं तर वेग चौदा टक्क्यांनी कमी होतो, पण हवेचा विरोध जवळपास २७ टक्क्यांनी. तिने ते करूनही बघितलं. उजव्या लेनला गेली, ९० वर स्थिर झाली, आणि पंधराएक मिनिटांत आकडा १.६ वरून दोनच्या जवळ चढला. मागून येणाऱ्या गाड्या शिव्या देत पुढे जात असतील, पण काचा बंद होत्या.

काकांना हे पटायला जड गेलं. त्यांच्या हिशेबात गाडीवर ओझं म्हणजे किलो आणि टन. "म्हणजे कापूस भरला काय नि लोखंड भरलं काय, सारखंच?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, परत येताना बघू.

घाट लागला. मी मुद्दाम कान देऊन बसले होते. सहा टक्क्यांचा चढ, मागे ट्रेलर, आणि गाडीने 'हूं' म्हणून म्हटलं नाही. गिअरच नाहीत तर बदलणार काय? वळणातून बाहेर पडताना वेग कमी होत नाही, पुढच्या ट्रकमागे अडकल्यावर पुन्हा वेग घ्यायला दम लागत नाही. चालवणाऱ्याला घाटात जे सुख विजेची गाडी देते ते मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिलेलं नाही, आणि मी तर नुसती बघत होते. युनिटचा आकडा अर्थातच कोसळला. तिकडे आम्ही तिघांनीही थोडा वेळ बघायचं नाही असं न ठरवता ठरवलं.

विकणाऱ्याकडे पोचलो तेव्हा बॅटरी चाळीस टक्क्यांच्या थोडी वर होती. त्याचं दुकान बंद होऊन बराच काळ झाला होता आणि शेडची मोठ्या दाबाची वीज तोडलेली. यंत्रं चालू करून दाखवता येणार नाहीत, तुम्ही विश्वासावर घ्या, असं तो म्हणत होता. मैत्रिणीने काही न बोलता गाडी उलटी शेडच्या दाराशी लावली, हौद्याचा फाळका उघडला आणि केबल काढली.

लाइटनिंगच्या हौद्यात २४० व्होल्टचा एक आणि १२० व्होल्टचे चार पॉइंट आहेत. पुढच्या कोनाड्यातले आणि केबिनमधले धरले तर एकूण अकरा. सगळे मिळून ९.६ किलोवॉट देतात. एका घराचं बरंचसं काम निघेल इतकी ही वीज, त्यामुळे तीन हॉर्सपॉवरचा सॉ तिला जड नव्हता. सॉ सुरू झाला. पडद्यावर वॉटचा आकडा क्षणभर उडाला आणि खाली येऊन स्थिर झाला. काकांनी खिशातून एक नाणं काढलं आणि चालू यंत्राच्या लोखंडी टेबलावर कडेवर उभं केलं. जुनी पद्धत आहे: नाणं उभं राहिलं तर बेअरिंग आणि पुली ठीक, पडलं तर भाव पाडायचा. नाणं हललंसुद्धा नाही. विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद आणि काकांच्या चेहऱ्यावर किंचित निराशा. मग सागवानासारख्या कडक लाकडाची एक फळी आत घातली. पातं लाकडात शिरताच आकडा दोन किलोवॉटवर गेला, फळी बाहेर पडली आणि पुन्हा उतरला. आवाजावरून न कळणारं ओझं निदान इथे आकड्यात सरळ दिसत होतं. रंध्याच्या यंत्राने मात्र सुरुवातीला कुरकुर केली. पट्टा सैल निघाला, तेवढ्यावर थोडी घासाघीस झाली.

हे सगळं अर्धा-पाऊण तास चाललं. बॅटरीचा टक्का जागचा हलला नाही. तासभर यंत्रं चालवायची वीज एवढीशी, आणि रिकामा पेटारा काही किलोमीटर ओढायची त्याहून जास्त, हे शेजारी शेजारी बघितल्यावर माझ्या डोक्यातलं विजेचं गणित जरा जागेवर आलं.

यंत्रं चढवण्यात जी अंगमेहनत झाली ती सांगण्यासारखी नाही. दोन्ही मिळून सव्वा टनाच्या आसपास. वजन ट्रेलरच्या पुढच्या भागात किती ठेवायचं यावर बाप-लेकीचा वाद झाला. मागे जास्त वजन गेलं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि मग गाडी सांभाळणं कठीण, हे दोघांनाही माहीत होतं. वाद फक्त किती इंच यावर होता. काकांचं ऐकलं गेलं.

परतीला आता गाडी, ट्रेलर, यंत्रं आणि आम्ही तिघं मिळून साडेपाच टनांच्या जवळ. पुन्हा तोच घाट, या बाजूने चारशे मीटरचा चढ. साडेपाच टन चारशे मीटर उचलायचे म्हणजे नुसत्या उंचीचीच किंमत सहा युनिटं होते. ही किंमत खरीच मोजावी लागली. पण माथ्यावरून उतरायला लागलो आणि हिशेब उलटा फिरला. मोटर गाडीला धरून ठेवत होती, ट्रेलरचे ब्रेक अधूनमधून साथ देत होते, आणि बॅटरीत वीज परत जात होती. उतार संपला तेव्हा टक्का दोनने वाढलेला होता. सहा युनिटं दिली, त्यातली अडीचएक परत आली, आणि उरलेल्यांतली बरीचशी उतारभर टायरांची आणि हवेची देणी भागवण्यात गेली, जी एरवी बॅटरीतून द्यावीच लागली असती. काकांनी घाटात तापलेल्या ब्रेकचा वास आयुष्यभर घेतलेला. खाली आल्यावर त्यांनी काच उघडून हुंगून बघितलं. वास नव्हता. त्या दिवसात त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच "हे बरंय" निघालं.

आणि मग सपाट रस्ता. तोच हमरस्ता, तोच ९० चा वेग. सगळे आकड्याकडे बघत होतो. जाताना रिकाम्या ट्रेलरसह एका युनिटला दोनच्या जवळ मिळत होते. आता सव्वा टन लोखंड भरून? १.८. काका पुढे वाकून दोन वेळा बघून गेले. सव्वा टनाने जेमतेम दहा टक्के घेतले होते. त्याआधी हवेने निम्म्याहून जास्त खाल्लं होतं, आणि त्या वेळी पेटाऱ्यात हवेशिवाय काही नव्हतं.

चार्जिंगच्या जागी पोचलो तेव्हा बॅटरी पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरली होती. इथे मात्र मला या गाडीची खरी अडचण दिसली, आणि ती गाडीत नाहीच, जमिनीवर आहे. चार्जिंगच्या जागा मोटारींसाठी आखलेल्या असतात. एकेक खाच, आत नाक घालून उभं राहायचं. लाइटनिंगचा चार्जिंगचा पॉइंट डाव्या बाजूला, पुढचं चाक आणि दार यांच्या मध्ये. नाक आत घातलं की मागे चार मीटर ट्रेलर रस्त्यात आडवा. येणारा-जाणारा कसा जाईल? पेट्रोलपंपावर गाडी एका बाजूने आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघते, मागे काहीही लावलेलं असो. इथे ट्रेलर सोडणं भाग होतं. म्हणजे बाजूच्या मोकळ्या जागेत नेऊन चाकांना अटकणी लावायच्या, पुढचा जॅक खाली करायचा, साखळ्या काढायच्या, दिव्यांची वायर काढायची, हिच मोकळा करायचा, गाडी चार्ज करायची, आणि मग हे सगळं उलट्या क्रमाने. भरलेल्या ट्रेलरचा जॅक फिरवताना मैत्रीण घामाघूम झाली.

त्यात पहिल्या चार्जरचा पडदा काळा. दुसऱ्याने केबल ओळखली, "थांबा" म्हणाला आणि थांबलाच. तिसऱ्यावर काम झालं. पेट्रोलपंपावर तीनपैकी दोन पाइप कोरडे निघाले असते तर लोकांनी मालकाला बाहेर बोलावलं असतं. इथे बोलवायला कोणी नव्हतं, एक फोन नंबर होता.

गाडी साधारण १५० किलोवॉटपर्यंत घेते. फोर्डच्या म्हणण्याप्रमाणे १५ टक्क्यांवरून ८० वर जायला ४१ मिनिटं लागतात. आम्हाला पंचाहत्तरपर्यंत न्यायचं होतं, अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागला. म्हणजे चार्जिंगला जेवढा, साधारण तेवढाच वेळ ट्रेलर सोडण्यात, चार्जर शोधण्यात आणि ट्रेलर पुन्हा जोडण्यात.

आम्ही केबिनमध्ये बसलो होतो. या गाडीत गिअरचा दांडा घडी होऊन आत जातो आणि मधला कप्पा उघडून टेबल होतं. त्यावर तिने कागद घेतला आणि काकांना हिशेब दाखवायला लागली. १३१ युनिटं म्हणजे पेट्रोलमधल्या ऊर्जेच्या हिशेबाने जेमतेम १५ लिटर. एवढ्याशा ऊर्जेत ही गाडी रिकामी असताना पाचशे किलोमीटर जाते, कारण मोटर फारसं वाया घालवत नाही. पेट्रोलच्या पिकअपची टाकी शंभर लिटरच्या आसपासची. ती गाडीही पेटारा लावला की दुपटीच्या जवळपास पिते, पण तिच्या मालकाला ते पंपावर पाच मिनिटं जास्त थांबल्यावर कळतं. काटकसरीने चालणाऱ्या घरात अचानक आलेला खर्च लगेच डोळ्यात भरतो, उधळ्या घरात तो कोणाला दिसतही नाही.

"मग मोठी बॅटरी टाका," काका म्हणाले. टाकल्या आहेत की. जीएमसीच्या विजेवरच्या हमरमध्ये २०० युनिटांहून मोठी बॅटरी आहे आणि गाडीचं वजन चार टनांच्या वर गेलं आहे. शेवर्लेच्या सिल्व्हराडोचा मार्गही तोच. रस्ता सपाट असेल तर वजनाने फार बिघडत नाही, हे आम्ही त्याच दिवशी पाहिलं होतं, पण ते वजन थांबवायला टायर आणि ब्रेक लागतात, आणि ती बॅटरी भरायला वेळ लागतो. रिव्हियन कंपनीची विजेवरची पिकअप आर१टी सप्टेंबर २०२१ मध्ये ग्राहकांच्या हाती आली, टेस्लाची सायबरट्रक नोव्हेंबर २०२३ मध्ये. हवेपुढे दोघींची कथा तीच. आणि ही कल्पना तशी जुनी. शेवर्लेने एस-१० आणि फोर्डने रेंजर, या लहान पिकअप १९९०च्या दशकाच्या शेवटी विजेवर काढल्या होत्या. सुरुवातीला त्यांच्या बॅटऱ्या शिशाच्या होत्या आणि ट्रेलरचा प्रश्न येण्याआधीच गाडी घरी परतलेली असायची.

लाइटनिंगचं उत्पादन एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालं. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने जाहीर केलं की निव्वळ बॅटरीवरची लाइटनिंग थांबवून पुढच्या पिढीत बॅटरी भरणारा पेट्रोलचा जनरेटर सोबत देणार. पिकअप बनवणाऱ्या रॅम कंपनीनेही हीच वाट धरली आहे. चाकं मोटरच फिरवणार, इंजिन फक्त वीज करणार. काकांना हे ऐकून मनापासून बरं वाटलं. "म्हणजे तेल बघायला काहीतरी राहिलं." मला स्वतःला ती तडजोड थोडी खटकते. जो माणूस वर्षातून एकदोनदा ट्रेलर ओढतो त्याने वर्षभर एक इंजिन सोबत वाहून न्यायचं? पण चार्जिंगच्या जागेवर जॅक फिरवत असताना मला हा प्रश्न कोणी विचारला असता तर माझं उत्तर वेगळं आलं असतं, हेही खरं.

कारण उरलेल्या सगळ्या कामांत ही गाडी मला आवडली. हौद्यात माल घालायचा, कामाच्या ठिकाणी जायचं, तिथे वीज नसेल तर आपली द्यायची, संध्याकाळी घरी येऊन प्लग लावायचा. यात अडचण कुठे येते? कुठेच नाही. अंधार पडल्यावर यंत्रं उतरवताना हौद्याच्या दिव्यांत सगळं लख्ख दिसत होतं, पातं झाकायला काकांना टॉर्च मागावी लागली नाही. आणि शांतता. घरी पोचल्यावर माझं डोकं दुखत नव्हतं. दिवसभर पिकअपमध्ये बसून असं मला कधी झालेलं आठवत नाही.

ट्रेलर परत करायला गेलो तेव्हा मैत्रिणीने वाडीतल्या उघड्या, बुटक्या ट्रेलरची मापं घेतली. बाजूला भिंती नाहीत, टप नाही, गाडीच्या आडोशात लपेल इतका खाली. पुढच्या महिन्यात तिला बँड सॉ आणायचा आहे, तो उभा न ठेवता आडवा टाकून आणता येईल का, हे ती काकांना विचारत होती. काका म्हणाले, येईल, पण पाऊस आला तर? ताडपत्री, ती म्हणाली. त्यावर त्यांनी लगेच बजावलं, की मग दोरी मी बांधणार, सैल राहून फडफडली तर ती पण हवाच खाईल.